यूपीएस असूनही लाईट जाताच कॉम्प्युटर बंद: दोष नेमका कुठे शोधायचा

"यूपीएस आहे, तरी लाईट गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो. नवीन यूपीएस घेऊ का?" आमच्याकडे कोकणात वळवाचा पहिला पाऊस पडला की हा प्रश्न सुरू होतो आणि हस्ताचा पाऊस सरेपर्यंत चालू राहतो. बहुतेक वेळा उत्तर 'नको' असंच असतं. नवा यूपीएस आणला की काही महिने बरे जातात, कारण आतली बॅटरी कोरी असते. मूळ दोष मात्र एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा), भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात किंवा अर्थिंगमध्ये तसाच बसलेला असतो, आणि पुढच्या मोसमात तीच तक्रार पुन्हा हजर.

म्हणून खरेदीआधी थोडी नोंद ठेवा. कॉम्प्युटर बंद पडला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहा, आणि त्या क्षणी घरातले दिवे-पंखे काय करत होते तेही लिहा: पूर्ण गेले, क्षणभर मिचकावले, मंद झाले, की ढिम्म हललेसुद्धा नाहीत? वेळ लक्षात राहिली नसेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टीम' लॉग बघा. मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं असेल तर पुढच्या वेळी सुरू होताना तिथे ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' नोंद पडते आणि सोबत ६००८ क्रमांकाची नोंद असते, तिच्यात बंद पडल्याची वेळ मिळते. ४१ दिसला की लोक लगेच "बघा, पॉवरचाच प्रॉब्लेम" म्हणतात. तसं नाही. मशीन अचानक बंद पडलं एवढंच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही. घरातले दिवे शांत होते आणि तरीही ४१ येतोय, तर संशय एसएमपीएस, तापमान आणि रॅमवर घ्या. तिथे यूपीएसवर घातलेला पैसा फुकट जाईल.

दिवे गेले किंवा मिचकावले आणि त्याच वेळी कॉम्प्युटर पडला, तर पुढे वाचा.

पहिला संशयित बॅटरी

घरगुती ६०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसवर छापलेली क्षमता) यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक सीलबंद बॅटरी असते. कागदावर तिच्यात ८४ वॅट-अवर आहेत. पण इतक्या लहान बॅटरीतून भराभर वीज ओढली की त्यातली बरीच कमी हाती लागते, वर यूपीएसमधल्या इन्व्हर्टर सर्किटचा तोटा वेगळा. साध्या ऑफिस-छाप कॉम्प्युटरला मॉनिटरसकट शंभर-सव्वाशे वॅट लागतात, म्हणजे बॅटरी कोरी असताना दहा ते पंधरा मिनिटं. दुकानदाराने 'अर्धा तास' सांगितला असेल तर तो एका मॉनिटरवर मोजलेला असावा. आणि ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. बहुतेक मॉडेलवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन भर खेळात हा आकडा सहज ओलांडतं. मग यूपीएस बॅटरीवर आला की ओव्हरलोडची लांबलचक शिटी वाजते आणि सगळं बंद. हीच तक्रार 'फक्त गेम चालू असतानाच बंद पडतो, एरवी नाही' अशी येते.

या बॅटऱ्या आपल्या हवेत दोन-तीन वर्षं चालतात. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना त्यांचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, आणि आपण यूपीएस ठेवतो कुठे, तर टेबलाखाली, कॅबिनेटच्या गरम हवेच्या तोंडावर, भिंतीला चिकटवून. दुसरा शत्रू म्हणजे लोडशेडिंग. एकदा रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात. दिवसातून तीन-चार वेळा लाईट जात असेल तर ती अर्धपोटीच राहते आणि अर्धपोटी राहून लवकर मरते. गणपतीला गावी जाताना यूपीएसचं बटण महिनाभर बंद करून ठेवण्यानेही तेच होतं.

तपासणी कॉम्प्युटर लावून करू नका. जुना पिवळा, तारेचा १०० वॅटचा बल्ब होल्डरसकट यूपीएसच्या मागच्या बॅकअप सॉकेटमध्ये लावा. एलईडी बल्ब चालणार नाही, तो ९ वॅटचा. मरणासन्न बॅटरीही त्याला तासभर पोसेल. यूपीएस रात्रभर चार्ज झालेला असावा. आता भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपसू नका, कारण त्याने अर्थिंगही सुटतं. बटण बंद केल्याने फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तुटतो. बल्बकडे बघत राहा. किंचित लवला आणि तसाच जळत राहिला तर यूपीएसची लाईनवरून बॅटरीवर होणारी अदलाबदल ठीक आहे. दहा मिनिटं टिकला तर बॅटरीही ठीक. दोन मिनिटांत पिवळा पडून विझला तर बॅटरी संपली. मल्टिमीटर असेल तर विश्रांतीतल्या भरलेल्या बॅटरीला १२.७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. बल्बचा भार पडताच भराभर १०.५ च्या खाली घसरली तर तिचा निरोप घ्या. अंगाने फुगलेली दिसली तर मोजायचीही गरज नाही.

फक्त बॅटरी बदलून मिळते, अख्खा यूपीएस बदलावा लागत नाही. नेताना जुनी सोबत न्या: टर्मिनलच्या पट्टीची रुंदी दोन प्रकारची असते, ४.८ आणि ६.३ मिलिमीटर, आणि चुकीची आणली तर कनेक्टर ढिला बसतो. ढिला कनेक्टर हा स्वतंत्र आजार आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता दुकानातच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि बहुतेक दुकानदार तिचे थोडे पैसेही वजा करून देतात.

बल्ब टिकतो, पण कॉम्प्युटर पडतो

इथे खरी गंमत आहे. यूपीएस लाईनवरून बॅटरीवर जाताना क्षणभर वीज तुटतेच. साध्या यूपीएसमध्ये चार ते दहा मिलिसेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तेवढी खिंड कॉम्प्युटरचा एसएमपीएस आपल्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरवर ओढून नेतो. चांगला एसएमपीएस भाराखालीही सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरेल अशी अपेक्षा असते. जुना झाला की कपॅसिटर सुकतो आणि ही मुदत घटत जाते. नवा असताना ज्या यूपीएसवर तो चालत होता, त्याच यूपीएसवर चार-पाच वर्षांनी तो गटांगळी खातो. लोक म्हणतात यूपीएस खराब झाला. यूपीएस बिचारा होता तसाच आहे.

ओळखायचं कसं? त्याच यूपीएसवर दुसरं मशीन लावून भिंतीचं बटण बंद करा. ते चालत राहिलं तर दोषी तुमचा एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट आलेला '४५० वॅट' लिहिलेला हलका डबा असेल तर मला दुसऱ्या मशीनचीही गरज वाटत नाही. नामांकित कंपनीचा, ८० प्लस शिक्क्याचा (वीज कमी वाया जाते असं प्रमाणपत्र असलेला) एसएमपीएस घ्या. कॉम्प्युटरला विजेपासून वाचवायला एकाच ठिकाणी पैसे घालायचे असतील तर मी ते इथे घालीन, यूपीएसच्या आधी.

असे बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात. म्हणजे संध्याकाळी गावात व्होल्टेज १७० पर्यंत पडलं, पंखा रांगायला लागला, तरी त्यांना फरक पडत नाही. कॉम्प्युटरला वेगळा स्टॅबिलायझर लावायची जुनी पद्धत त्यामुळे आता निरर्थक आहे. फ्रिजला लावा, त्याला गरज आहे.

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस

घरात मोठा इन्व्हर्टर आहे, त्याच्याच लाईनवर कॉम्प्युटरचा यूपीएसही आहे, आणि लाईट गेली की यूपीएस टकटक-टकटक करत पंधरा मिनिटांत मान टाकतो. इन्व्हर्टर मात्र मजेत पंखे फिरवत असतो. हा प्रकार इतक्या घरांत आहे की त्याचं वेगळं सांगायला हवं.

स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतो. यूपीएसला ती वीज 'खराब' वाटते, तो तिला नाकारतो आणि आपल्या बॅटरीवर जातो. मग क्षणभर स्वीकारतो, परत नाकारतो. टकटक हा आतल्या रिलेचा, म्हणजे वीज इकडून तिकडे वळवणाऱ्या स्विचचा, आवाज. सोसायटीच्या जनरेटरवरही हेच होतं, कारण तिथे फ्रिक्वेन्सी वरखाली होते. काही यूपीएसमध्ये इनपुटची संवेदनशीलता कमी करायची सोय असते, असेल तर ती वापरा. नसेल तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, हा सरळ उपाय. तो असेल तर मधला यूपीएस काढूनच टाकता येतो, पण मग इन्व्हर्टरच्या मागचं एक छोटं बटण बघायला विसरू नका. त्याला दोन स्थिती असतात, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' (कुठे 'वाइड' किंवा 'इको' लिहिलेलं असतं). नॉर्मलमध्ये तो अदलाबदल इतकी सावकाश करतो की कॉम्प्युटर पडणारच. बसवणारा माणूस बहुधा ते नॉर्मलवर ठेवून जातो, कारण कमी व्होल्टेजला इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जाऊन तक्रारी येऊ नयेत. बटण यूपीएसवर सरकवल्याने सुटलेल्या केसेस मी कितीतरी बघितल्या आहेत. खर्च शून्य.

लेझर प्रिंटर यापैकी कशावरही लावू नका. कागद भाजायला त्याचा रोलर तापतो तेव्हा तो आठशे-हजार वॅट झटक्यात ओढतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या

अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावा. मुंग्या आल्यासारखं वाटलं, किंवा टेस्टर लावल्यावर मंद पेटला, तर घराचं अर्थिंग त्या सॉकेटपर्यंत पोचलेलंच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह कॅबिनेटवर येतोच. तो अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. वाट नसेल तर पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह नगण्य असल्याने माणूस सहसा बचावतो, पण यूएसबी आणि एचडीएमआयचे पोर्ट हळूहळू याच वाटेने जातात. तिसरी पीन तोडून दोन पिनेच्या बोर्डात घातलेला प्लग अजूनही पाहायला मिळतो. तो बघून मला राग येतो, दुसरं काय.

इथून पुढचं काम वायरमनचं, आपलं नव्हे. त्याला दोन गोष्टी नेमक्या विचारा. एक: "भाऊ, या सॉकेटला न्यूट्रल-अर्थ किती व्होल्ट आहे?" दोन-तीन व्होल्ट ठीक, त्याहून बरेच जास्त असतील तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) किंवा अर्थिंग यात गडबड आहे. दोन: फेज आणि अर्थ यांमध्ये बल्ब लावून पेटतो का बघायला सांगा. नुसता मीटर फसवू शकतो, बल्ब फसवत नाही. घरात आरसीसीबी (वीज अर्थिंगकडे गळाली की लाईन तोडणारा स्विच) असेल तर बल्ब पेटायच्या आत तो ट्रिप होईल. हरकत नाही, याचा अर्थ अर्थिंगकडे प्रवाह गेला. आमच्याकडे जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडतो, आणि नेमका तोच वळवाच्या विजांचा काळ. त्या दोन महिन्यांत खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

एक फसवणूक ओळखून ठेवा. अर्थिंगची वायरच नसली तर काही वायरमन बोर्डातच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या भोकाला जोडून देतात. टेस्टर विझतो, झिणझिण्या थांबतात, गिऱ्हाईक खूश. पण बाहेर न्यूट्रल तुटला तर त्या तुकड्यातून पूर्ण फेज तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. हे जीवघेणं आहे. असं दिसलं तर त्या दिवसापुरतं कॉम्प्युटर बंद ठेवा, पण ते काढून घ्या.

न्यूट्रल तुटतो तेव्हा

कॉम्प्युटर, टीव्ही, वायफाय, फ्रिज असे एका दमात जळाले की लोक विजेच्या कडकडाटाला दोष देतात. आभाळ निरभ्र असेल तर कारण बहुतेक हेच: डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल सुटलेला असतो. वाऱ्याने माडाचं झावळं तारांवर आलं तरी पुरतं. तीन फेजांवरची घरं मग एकमेकांत अडकतात, आणि ज्या फेजवर भार कमी त्या घरात २३० च्या जागी साडेतीनशे, चारशेच्या जवळपास व्होल्ट येतात. चारशे व्होल्टचं शिखर साडेपाचशेच्या वर जातं, आणि एसएमपीएसमधला कपॅसिटर चारशे-साडेचारशेचा. तो फुटल्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

लक्षण ओळखा: तुमचे बल्ब अचानक लख्ख होतात, पंखा भन्नाट फिरतो, आणि शेजारी ओरडतो की आमच्याकडे लाईट डिम झाली. त्या क्षणी विचार न करता मेन बंद करायचा. मग वीज कंपनीच्या १९१२ ला फोन.

इथे स्पाइक गार्ड (विजेचे झटके अडवणारी प्लगची पट्टी) उपयोगाचा नाही. त्यातला एमओव्ही नावाचा चकतीसारखा भाग काही मायक्रोसेकंदांचा झटका गिळण्यासाठी बनवलेला असतो. मिनिटभर चारशे व्होल्ट आले तर तो स्वतःच जळतो. छत्री घेऊन पूर अडवण्यासारखं आहे ते. त्यातून बाजारात 'स्पाइक गार्ड' म्हणून मिळणाऱ्या कित्येक पट्ट्यांत फ्यूज आणि लाल दिव्याखेरीज काही नसतं. खऱ्या पट्टीवर किती जूल गिळते ते छापलेलं असतं आणि 'संरक्षण चालू' असा वेगळा दिवा असतो. प्रत्येक झटक्यागणिक एमओव्ही झिजतो. तो दिवा विझला की पट्टी उरली ती फक्त एक्स्टेंशन बोर्ड. आणि अर्थिंग नसेल तर तिचं अर्धं काम पहिल्या दिवसापासूनच बंद.

न्यूट्रलवर खरा उपाय मेन बोर्डात बसतो: ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पट्टीवर बसणारं छोटं यंत्र, व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर, समजा २७० च्या वर, गेलं की घराची वीज तोडतं आणि सगळं सुरळीत झाल्यावर थोडं थांबून जोडतं. त्याच्याशेजारी टाइप-२ चा एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) बसवला की लांबून येणारे विजेचे झटके तिथेच जमिनीत उतरतात. दोन्ही वायरमनकडून, आणि अर्थिंग दुरुस्त झाल्यावरच.

वीज फक्त प्लगमधून येत नाही

यूपीएस धड, एसएमपीएस धड, आणि मदरबोर्डचा नुसता लॅन पोर्ट (इंटरनेटची वायर लावायची जागा) मेलेला. कारण खिडकीतून आत येतं. केबलवाल्याने समोरच्या बिल्डिंगवरून किंवा झाडावरून ओढलेली तांब्याची लॅन वायर आसपास वीज कोसळली की अँटेनासारखी झटका पकडते आणि थेट मदरबोर्डात सोडते. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण फायबर जर वाडीतल्या एखाद्या डब्यापर्यंतच असेल आणि पुढे तांबं असेल तर काही उपयोग नाही. फायबर घरापर्यंत मागून घ्या, किंवा कॉम्प्युटर वायफायवर चालवा. राउटर जळाला तर तो स्वस्तात जातो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

आभाळ भरून आलं की लॅन वायर आणि प्लग दोन्ही काढणं याला अजूनही तोड नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप २० ते ४० किलोमीटरच्या टापूत पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. इशारा आला की आधी काढा. गडगडाट डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नका.

मशीनच्या आतल्या दोन-तीन सेटिंग्ज

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) 'एसी पॉवर लॉस' नावाची सेटिंग असते. ती 'पॉवर ऑन' किंवा 'लास्ट स्टेट'वर असेल तर लाईट येताच मशीन आपोआप सुरू होतं. आपल्याकडे लाईट येते ती नीट येत नाही. येते, जाते, परत येते. प्रत्येक खेपेला विंडोज अर्धवट सुरू होऊन आपटतं आणि फाइल सिस्टीम तिथेच बिघडते. ती 'पॉवर ऑफ'वर ठेवा, आणि लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबून बटण दाबा.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर केबल जोडा. विंडोज मग त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखं दाखवतं आणि ठराविक टक्क्यांवर स्वतः हायबरनेट होतं, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून बंद होतं. पोर्ट नसेल तर यूपीएसची दहा मिनिटं फक्त सेव्ह करून बंद करण्यासाठी आहेत, उरलेला एपिसोड बघण्यासाठी नाहीत. विंडोजमधल्या डिस्कच्या पॉलिसीमध्ये राइट-कॅश बफर फ्लशिंग (लिहायचा डेटा डिस्कवर वेळच्या वेळी पक्का करणं) बंद करण्याचा चौकोन असतो. वेग वाढेल म्हणून कुणी तिथे टिकमार्क केली असेल तर काढून टाका.

मशीन वारंवार आपटलं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसएसडीचा 'अनसेफ शटडाऊन' आकडा बघा. तो महिन्याच्या महिन्याला चढत असेल तर वरच्यापैकी काहीतरी अजून राहिलंय. तोवर बॅकअपची हार्डडिस्क घ्या, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क त्याच झटक्यात कॉम्प्युटरसोबत जाते.